जोडणीचा छंद : लेगोची वीट, कार्ल्याचे लेणे आणि दिवाळीतला किल्ला

१

मराठीत ‘छंद’ हा शब्द दोन ठिकाणी राबतो. ओवी आणि अभंग हे छंद. पोस्टाची तिकिटे गोळा करणे, गड चढणे, फुलझाडे लावणे हेही छंदच. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त पद्यरचनेची वृत्त, जाती आणि छंद अशी विभागणी केली. लघुगुरूंचा क्रम पक्का ठरलेला ते वृत्त, मात्रांच्या हिशोबाने चालते ती जाती, आणि अक्षरसंख्या सांभाळून बाकी मोकळीक देतो तो छंद. दुसऱ्या अर्थाच्या छंदाकडे मात्र आपली समीक्षा सहसा वळत नाही. तो रिकाम्या वेळेचा उद्योग समजला जातो. आणि त्यातही छंद खेळण्याचा असेल, तर थट्टेचा विषय होतो. पन्नाशीच्या माणसाने दुकानात लेगोच्या विटांचा डबा हातात घेतला की विक्रेता हमखास विचारतो, ‘मुलाचं वय काय?’

डबा स्वतःसाठी आहे हे सांगायला या वयात थोडे धैर्य लागते. धैर्याचा प्रश्न बाजूला ठेवून मला या लेखात वेगळा प्रश्न विचारायचा आहे. प्लास्टिकच्या विटा एकमेकींत बसवत तासन्‌तास रमणाऱ्या प्रौढ माणसाला नेमका कशाचा आनंद मिळतो? ‘बालपण परत मिळते’ हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. माझ्या पिढीतल्या बहुतेकांच्या बालपणी या विटा घरात नव्हत्याच. असलाच तर लोखंडी पट्ट्यांचा आणि नटबोल्टांचा मेकॅनो होता, तोही शेजाऱ्यांकडे. जे कधी नव्हते ते परत कसे मिळणार?

उत्तर शोधण्यासाठी मी या छंदाकडे एक रचनाप्रकार म्हणून पाहणार आहे. त्यासाठी मी राहतो तो मावळ सोयीचा आहे, कारण इथे घडवण्याच्या दोन जुन्या रीती हाताशी आहेत. एक कार्ले, भाजे, बेडसे येथील कोरण्याची. दुसरी दर दिवाळीला अंगणात माती थापून किल्ला करण्याची. तिसरी, जोडण्याची, परदेशातून खोक्यात बंद होऊन आली. तिचे बळ आणि तिची मर्यादा या दोघींच्या शेजारी ठेवल्यावरच नीट दिसते, असे माझे म्हणणे आहे.

२

लेगोची वीट नावाने गवंड्याची असली तरी जन्माने सुताराची आहे. ओले कर्क ख्रिस्तियान्सन हा डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार. मंदीत घरबांधणीची कामे आटली तेव्हा, १९३२ साली, तो लाकडी खेळणी करू लागला. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची अक्षरे जोडून त्याने कारखान्याचे नाव ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक ओतायचे यंत्र आले आणि १९४९मध्ये पहिल्या विटा निघाल्या. कल्पना अस्सल त्याची नव्हती. हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराच्या किडिक्राफ्ट विटांवरून ती घेतली होती.

या पहिल्या विटा आतून पोकळ होत्या. एकीवर एक बसत, पण धरून राहत नसत. उंच मनोरा उचलला की निखळे. त्यावरचा उपाय ओलेच्या मुलाच्या, गॉटफ्रेडच्या काळात सापडला. विटेच्या पोटात नळ्या घातल्या. खालच्या विटेच्या माथ्यावरच्या गुंड्या वरच्या विटेच्या भिंती आणि नळ्या यांच्या मध्ये दाटून बसू लागल्या. २८ जानेवारी १९५८ रोजी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये म्हातारा ओले वारला. १९६३पासून विटा एबीएस या अधिक टणक प्लास्टिकच्या होऊ लागल्या.

गवंड्याची वीट चुन्यामुळे किंवा सिमेंटमुळे राहते. ही वीट सांध्यामुळे राहते, खाचेत खुंटी बसावी तशी. चुना वाळला की भिंत कायमची झाली. सांधा मात्र हवा तेव्हा सोडवता येतो. १९५८ची वीट आजच्या विटेत बसते, कारण मोजमाप बदललेले नाही. गुंडीच्या मध्यापासून शेजारच्या गुंडीच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर. म्हणजे पाच विटांची चळत उंचीला सहा गुंड्यांच्या रुंदीइतकी भरते. हे प्रमाण हातात बसलेला माणूस वीट आडवी वळवून दोन दिशांच्या भिंती बिनचूक जुळवतो. पद्य लिहिणाऱ्याला जशी मात्रा, तसे त्याला हे आठ मिलिमीटर.

बंधन इतके घट्ट, मग शक्यता किती? दोन ओळींत चार-चार गुंड्या असलेल्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारांनी जोडता येतात. तीन घेतल्या तर १,०६० प्रकारांनी. सहा घेतल्या तर ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी. कंपनी पूर्वी सहा विटांसाठी दहा कोटींच्या पुढचा एक आकडा सांगत असे. तो फक्त एकीवर एक अशा सहा मजली मनोऱ्यांचा होता. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी उरलेल्या रचनाही मोजल्या तेव्हा आकडा नऊपट झाला. ओवीच्या चार चरणांत किती ओव्या मावतात, हा प्रश्न आपल्याला कोणी विचारत नाही. पण जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना या हिशोबाचे आश्चर्य वाटू नये.

३

प्रौढ छंदिष्ट मात्र बहुधा सुट्या विटांपासून सुरुवात करत नाही. तो संच घेतो. २०२०पासून कंपनी प्रौढांसाठीच्या संचांच्या काळ्या खोक्यांवर ‘१८+’ असे छापते. खोक्यात क्रमांक घातलेल्या पिशव्या असतात आणि एक जाड पुस्तिका. ही पुस्तिका वाङ्मयाच्या वाचकाने एकदा तरी चाळावी अशी वस्तू आहे. बांधणीच्या पानांवर वाक्य नाही. एका चौकटीत या पायरीला लागणारे भाग, खाली आतापर्यंतचे बांधकाम, एवढेच. शब्दांवाचून शेकडो पाने चालणारे हे कथन आहे आणि ते हाताने वाचायचे असते.

कथन म्हणून त्याची काही वैशिष्ट्ये लक्षात येतात. पहिले म्हणजे माहिती दडवण्याची पद्धत. सुरुवातीला बसवलेला एखादा बिजागरीचा तुकडा कशासाठी आहे हे पुढे चाळीस-पन्नास पानांनी कळते. कमान वर आली की मगच मागचा तुकडा बोलू लागतो. दुसरे वैशिष्ट्य रंगांचे. पांढऱ्याशुभ्र इमारतीच्या पोटात लाल, पिवळ्या, निळ्या विटा घातलेल्या असतात, कारण पायरीपायरीला कोणता भाग कुठे हे ओळखणे सोपे जाते. बाहेरून त्या कधीच दिसत नाहीत. तयार वस्तू पाहणाऱ्याला इमारत दिसते. बांधणाऱ्याला तिच्या पोटातला रंग माहीत असतो. संचाचा खरा वाचक एकच, ज्याने तो बांधला तो.

भारतीय वाचकाच्या ओळखीचे उदाहरण ताजमहालाचे. २००८ साली निघालेल्या त्या संचात ५,९२२ तुकडे होते. चार मिनार, चारही सारखे. पहिला बांधताना पुस्तिका पाहावी लागते. दुसऱ्याला हात आपोआप पुढे जातो. तिसऱ्याला कंटाळा येतो. चौथ्याला कंटाळ्याच्या पलीकडे काहीतरी सुरू होते. पारायणाची सवय असलेल्या घरात हे समजावून सांगावे लागत नाही. पोथीत पुढे काय आहे हे पारायण करणाऱ्याला ठाऊक असते. वाचायचे ते नवे कळावे म्हणून नाही, त्या क्रमातून स्वतः एकदा चालून जावे म्हणून. संच बांधणे हे पारायण आहे. पटवर्धनांच्या वर्गवारीत ते वृत्त होईल, कारण प्रत्येक स्थानी काय यायचे ते आधीच ठरलेले असते. ‘दुसऱ्याने रचलेले नुसते जुळवण्यात कसली निर्मिती?’ या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच, की बंदिश दुसऱ्याची म्हणून कोणी गायकाला नकलाकार म्हणत नाही.

पण गायक बंदिशीवर थांबला तर आपण त्याला विद्यार्थी म्हणतो, हेही खरे. संचाचे वृत्त मोडून सुट्या विटांच्या ओवीकडे जो जातो, त्याचा छंद पुढे सरकतो. ते कसे, हे पाहण्यासाठी आता मळवली स्टेशनवर उतरू.

४

मळवलीच्या एका अंगाला एकवीरेचा डोंगर आणि कार्ल्याचे लेणे. दुसऱ्या अंगाला भाजे आणि त्यावर लोहगड-विसापूर. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलेला प्रत्येक जण वर पाहतो. सुमारे १२४ फूट लांबीच्या त्या दालनाच्या छताला सागवानी लाकडाच्या कमानी आहेत. दगडात कोरलेल्या छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नाही. डोंगर स्वतःच छत आहे. तरीही दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी त्या बसवल्या, कारण त्यांच्या मनातले चैत्यगृह लाकडी होते. भाज्याला तर खांबही आत कललेले आहेत. लाकडी खांब छताचा रेटा झेलायला कलते ठेवावे लागत. दगडाच्या खांबाला तो रेटाच नाही, पण कल राहिला.

कार्ल्याच्या ओसरीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पाहाव्यात. खाली हत्ती, आणि त्यांच्या पाठीवर जणू उभे असलेले मजल्यावर मजले : छोट्या चैत्यकमानी, छोटे कठडे, पुन्हा कमानी, पुन्हा कठडे. ही एका शहराची लहान प्रतिकृती आहे. एकच घटक ठरावीक मापाने पुन्हा पुन्हा वापरून उभी केलेली. बेडशाच्या ओसरीतही हाच खेळ आहे. मोठ्या माणसांनी, दानशूर श्रेष्ठींच्या पैशाने, भिक्षूंच्या वास्तूत केलेले हे लघुरूप आहे. प्रतिकृती करण्याच्या हौसेला बालिश म्हणणाऱ्याने आधी या भिंतीपुढे उभे राहावे.

या लेण्यात एक छोटा शिलालेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केल्याची त्यात नोंद आहे. प्राकृतात त्याचा व्यवसाय ‘वढकी’, म्हणजे सुतार. दगडाच्या लेण्यात नाव राहिले ते सुताराचे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. दगड कोरणारा हात लाकूड जोडणाऱ्या हाताचे अनुकरण करत होता. जोडकामाचे व्याकरण आधी होते; कोरकामाने ते टिकाऊ भाषेत उतरवून घेतले.

उतरवून घेताना एक गोष्ट गमावली. कोरताना काढलेला दगड परत लावता येत नाही. छिन्नीचा एक चुकीचा घाव म्हणजे तो खांब कायमचा तसा. म्हणूनच सह्याद्रीत अर्धवट सोडलेली लेणी आढळतात, तडा गेलेल्या दगडाला वळसा घालून पुढे गेलेली कामे आढळतात. कोरणाऱ्याला घाव घालण्यापूर्वी सगळे ठरवावे लागते. जोडणाऱ्याला करता करता ठरवता येते. बिलुंडच्या सुताराने प्लास्टिकच्या विटेत जे राखले ते नेमके हे : केलेले परत न केलेले करता येण्याची मुभा.

पन्नाशीनंतर या मुभेची किंमत कळते, असे मला वाटते. तोवर घर, नोकरी, नाती, शरीर यांत छिन्नीची कामे बरीच होऊन गेलेली असतात. मुलाला विटा परत सोडवता येण्याचे काही विशेष वाटत नाही. त्याला सगळेच परत करता येईल असे वाटत असते. प्रौढ माणसाला मात्र रात्री जेवणानंतरचा तो एक तास वेगळा वाटतो, कारण दिवसभरात त्याने केलेल्या कोणत्याही कामापेक्षा त्या तासातले काम जास्त क्षमाशील असते. डच इतिहासकार योहान हायझिंगा याने १९३८च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये खेळाला रोजच्या जगण्याहून वेगळी जागा, वेगळा काळ आणि स्वतःचे नियम असतात असे मांडले. त्याला मी एवढीच जोड देईन, की या खेळाचा मुख्य नियम ‘मागे येता येते’ हा आहे. प्रौढांचा आनंद बालपणाच्या आठवणीत शोधणारे हा नियम नजरेआड करतात.

५

आता तिसरी रीत, थापण्याची. दिवाळीतला किल्ला मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही, पण त्याचा बांधकामाचा क्रम एकदा नीट पाहू. आधी दगड-विटांचा ढीग. त्यावर भिजवलेले गोणपाट. त्यावर चाळलेली तांबडी माती, पाणी मारत थापलेली. मग काडीने पायऱ्या, पुठ्ठ्याचा किंवा मातीचा दरवाजा, कडेला अळीव किंवा मोहरी पेरलेली. सगळ्यांत शेवटी चित्रे : सिंहासनावर महाराज, तोफा, भालदार, गवळण, आणि उतारावर जागोजाग मावळे. मातीच्या किंवा प्लास्टरच्या या बाहुल्याला सगळा महाराष्ट्र ‘मावळा’ म्हणतो तेव्हा आमच्या तालुक्याचेच नाव घेतो, याचे भान क्वचित कोणाला असते.

या किल्ल्यात प्रमाणाची पर्वा नसते. महाराज दरवाजापेक्षा उंच, मावळा तटाएवढा. समीक्षकाने हे अज्ञान समजू नये. जुन्या चित्रांत राजा मोठा आणि सेवक लहान काढत, त्याच न्यायाने इथे महत्त्व हेच माप आहे. लेगोचा छोटा माणूस १९७८मध्ये आला. उंची सुमारे चार सेंटिमीटर, अंगाने मात्र फारच रुंद, जवळपास चौकोनी. त्यालाही खरे प्रमाण नाही. त्याला विटेचे प्रमाण आहे. त्याचे पाय दोन गुंड्यांवर बसावेत म्हणून तो तसा आहे. एका खेळात माणसाचे माप श्रद्धेने ठरते, दुसऱ्यात सांध्याने. दोन्ही खेळ वास्तवाच्या मापापासून सारखेच लांब आहेत.

फरक आहे तो आरंभात. दिवाळीचा किल्ला ढिगापासून सुरू होतो, म्हणजे डोंगरापासून. लेगोचे बांधकाम सपाट पाटापासून सुरू होते.

६

हा फरक किती मोठा आहे हे मला लोहगड बांधायला घेतल्यावर कळले. गेल्या पावसाळ्यात बाहेर धुके आणि घरात राखाडी रंगाच्या सुट्या विटा, एवढ्या भांडवलावर काम सुरू केले. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, अशी एकामागून एक दारे आणि त्यांच्यामधून वळत जाणारी वाट हा लोहगडाचा सर्वांत देखणा भाग. दरवाजे छान झाले. कमानीला कमानीचे तुकडे मिळतात, बुरुजाला बिजागरी लावून गोलाई देता येते, चर्येच्या पाकळ्यांसाठीही एक छोटा गोल तुकडा सापडला. जे माणसाने बांधले ते विटेत उतरत होते.

जे माणसाने बांधले नाही ते उतरेना. लेगोच्या माणसाची उंची खऱ्या माणसाशी ताडली तर प्रमाण साधारण एकास बेचाळीस येते. त्या प्रमाणात कार्ल्याचे सबंध चैत्यगृह ९० सेंटिमीटरांत बसते, जेवणाच्या टेबलावर मावते. लोहगडाचा माथा मात्र मळवलीपासून सुमारे ४०० मीटर वर आहे. त्याच प्रमाणात नुसती ही चढण साडेनऊ मीटरांची होते. एकीवर एक जवळजवळ हजार विटा, तीन मजली इमारतीएवढी उंची. वर तटबंदी हवी ती हाताच्या बोटाएवढी.

या एका हिशोबाने गडाविषयी जे कळले ते अनेक वेळा चढूनही तितके स्पष्ट झाले नव्हते. मावळातला गड हा बहुतांशी डोंगर असतो. माणसाने फक्त जिथे कडा कमी पडला तिथे तट घातला आणि जिथे वाट देणे भाग होते तिथे दरवाजा. विंचूकाट्याची लांबलचक सोंड कोणी बांधलेली नाही. तिच्या टोकाला तेवढा तट आहे. युरोपातला मैदानी किल्ला विटांत सुंदर उतरतो, कारण तो सपाटीवर, माणसाच्या मापाने उभा केलेला असतो. सह्याद्रीचा गड काटकोनात विचार करत नाही. उताराचे तुकडे लेगोत आहेत, पण प्रत्येकाला स्वतःचा एकच ठरलेला कोन असतो. बसाल्टच्या कड्याला तो मान्य नसतो.

११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांत लोहगड आहे. नावातला ‘भूप्रदेश’ हा शब्द माझ्या दृष्टीने महत्त्वाचा. वारसा ठरली ती नुसती तटबंदी नाही. जमिनीचा चढउतार वापरण्याची बुद्धी ठरली. आणि ही बुद्धी गोणपाटावर माती थापणाऱ्या पोराच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आधी डोंगर, मग गड, हा क्रम त्याला कोणी पुस्तिकेत छापून दिलेला नाही.

विटेची ही मर्यादा मी तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडत नाही. माध्यम कुठे थांबते हे कळणे हाही त्या माध्यमातल्या वाचनाचा भाग असतो. वृत्तात न बसणारा शब्द कवीला त्या शब्दाविषयी काही सांगून जातो, तसे न उतरलेल्या कड्याने मला गडाविषयी सांगितले. पण हे सुट्या विटांतच घडते. खोक्यावर छापलेल्या चित्रात जे उतरते तेवढेच निवडलेले असते. न उतरणाऱ्याची गाठ तिथे पडत नाही.

७

छंदाचे दुसरे अंग संग्रहाचे आहे आणि तिथे माझे मत कडक आहे. न उघडलेले खोके कपाटात जपून ठेवणारा एक मोठा वर्ग या छंदात आहे. त्याला आधार म्हणून अर्थशास्त्रही मिळाले आहे. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या संचांच्या फेरविक्रीच्या किमती तपासल्या, तेव्हा सरासरी वार्षिक परतावा किमान ११ टक्के निघाला. ताजमहालाचा संच बाजारातून गेल्यावर त्याचाही भाव असाच चढला होता. २०१७मध्ये कंपनीने तोच संच पुन्हा काढला, या वेळी ५,९२३ तुकड्यांचा, आणि जुन्या बंद खोक्यांचा भाव उतरला. ज्यांनी २००८मध्येच तो बांधला होता, त्यांचे काहीच गेले नाही. त्यांच्या चारही मिनारांचे पारायण झालेले होते.

संग्रह करणे म्हणजे साठवणे, असे समजण्याचे कारण नाही. पुण्यात त्याचे उत्तम उत्तर आहे. कवी अज्ञातवासी, म्हणजे दिनकर केळकर, यांनी बालवयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभे केलेले संग्रहालय अडकित्ते, दिवे, दौती, खेळणी, अशा रोजच्या हाताळणीच्या वस्तूंनी भरलेले आहे. तिथल्या वस्तूंना झिजेच्या खुणा आहेत. त्या कुणाच्या तरी हातून गेल्या आहेत. आणि त्याच संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष सुटे करून आणून पुन्हा जोडून उभे केले आहेत. पुण्याच्या एका कवीने खराखुरा महाल जोडकामासारखा सोडवला आणि पुन्हा जुळवला. त्याच शहरात भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८मध्ये लोकांसाठी खुले केले. तिथे गाड्या धावतात. चालू न केलेली गाडी आणि न उघडलेले खोके यांना या परंपरेत जागा नाही. बंद खोक्याचा मालक ग्रंथ विकत घेऊन पाने न कापणाऱ्या जुन्या श्रीमंतासारखा आहे.

पैशाचा आणखी एक भाग उघड बोलायला हवा. परदेशी खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानकाची मोहोर सक्तीची झाली. स्वस्त आणि धोकादायक माल रोखणे, देशी कारखान्यांना वाव देणे, हे हेतू समजण्यासारखे आहेत. पण छंदापुरता परिणाम असा, की मोठा संच ही आपल्याकडे सुखवस्तू घराचीच गोष्ट राहते. दिवाळीच्या किल्ल्याला माती लागते, दगड लागतात आणि पोरे लागतात. या तीनही गोष्टी फुकट होत्या.

‘होत्या’ म्हणावे लागते. द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण झाला, त्यानंतरच्या वर्षांत तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत भातखाचरांचे प्लॉट झाले आणि प्लॉटांच्या सोसायट्या. सोसायटीच्या आवारात पार्किंगच्या फरश्या असतात. किल्ल्यासाठी माती पोत्यातून विकत आणावी लागते, आणि तीही नको म्हणून बाजारात प्लास्टरचा रंगवलेला तयार किल्ला मिळतो. मावळ्यांच्या मुलखात मातीवाचून किल्ला, ही आजची स्थिती आहे. प्लास्टिकच्या विटेने किल्ल्याला हुसकावले असे काही जण म्हणतात; ते खरे नाही. अंगण आधी गेले, वीट नंतर आली. उलट तयार प्लास्टरचा किल्ला आणि बंद खोके हे एकाच जातीचे आहेत. दोन्हींत करायचे काही उरलेले नाही. त्यांच्या तुलनेत पुस्तिका पाहून संच जोडणारा आणि मातीत हात घालणारा, हे दोघे एकमेकांचे सोयरे आहेत.

८

कोरणे, थापणे आणि जोडणे या तीन रीतींचा काळाशी वेगवेगळा करार आहे. कोरलेले टिकते आणि बदलत नाही. थापलेले तुळशीच्या लग्नापर्यंत राहते आणि मग मातीत जाते. जोडलेले टिकू शकते, पण सोडवण्यासाठीच ते बनलेले असते. प्रौढाच्या छंदाचे श्रेय या तिसऱ्या करारात आहे, आणि तो पाळायचा तर बांधलेला संच कधीतरी मोडलाच पाहिजे. काचेच्या कपाटात कायमचा ठेवलेला ताजमहाल हा प्लास्टिकमध्ये कोरकाम करण्याचा प्रयत्न आहे. त्याला कार्ल्याचे आयुष्य मिळणार नाही आणि विटेचे स्वातंत्र्यही उरणार नाही. वर्ष-दोन वर्षे पाहावा, मग पिशव्या काढाव्यात आणि एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून तो सोडवावा. पोटातल्या लाल-पिवळ्या विटा त्या दिवशी बाकीच्यांनाही दिसतील.

माझ्या लोहगडाचे दरवाजे मी अजून सोडवलेले नाहीत. आमच्या इमारतीतल्या मुलांनी या वर्षी जिन्यामागच्या मोकळ्या पट्टीत किल्ला करायचे ठरवले आहे; दोन पोती माती येऊन पडली आहे. डोंगर ती करणार आहेत. चार दरवाजे माझे. त्यांच्यातल्या मोठ्या मुलीने दरवाजे पाहून पहिलाच प्रश्न विचारला, की मातीत गुंड्या भरल्या तर त्या पुन्हा लागतील का. लागतील, पण जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवाव्या लागतील, असे मी सांगितले. मग तिने वसुबारसेच्या आदल्या दिवशी सगळे दरवाजे मोजून घ्यायचे आणि किल्ला मोडताना मोजून परत करायचे, असे वहीत लिहून ठेवले आहे.